पायलीनं मोजलेला फोटो

“हा कसला फोटो पाठवलाय? मला नुसत्या फरश्या दिसतायत!” पिंपरीचे हृदयाचे डॉक्टर फोनवर ओरडले, आणि त्याच वेळी माझी धाकटी जाऊ खाटेवरून खाली वाकून ओकली.

मी कंप्युटरपुढे बसले होते. फोटो मीच पाठवला होता. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई एका हातानं जावेचं डोकं धरून, खांद्यानं फोन कानाशी दाबून म्हणत होत्या, “सर, दुसरा पाठवते, लगेच पाठवते.”

“लवकर पाठवा. पट्टी दिसल्याशिवाय मी त्या इंजेक्शनला हो म्हणणार नाही,” असं ते म्हणाले आणि फोन तुटला.

जावेनं पदरानं तोंड पुसलं. ओठ जांभळट पडले होते, कपाळावरून घाम गळत होता, पण बोलणं बंद नाही. “आक्का, तू त्या कंप्युटरला हात लावलास तवाच मी म्हनलं, आता आपलं काय खरं न्हाई.”

“गप पड,” मी म्हणाले.

आमची घरं एका भिंतीची. जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या जागेवर दोन्ही घरांनी खोल्या बांधल्या आणि कंपनीत कामाला येणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या. जाऊ माझ्या पाठोपाठ या घरात आली आणि तेव्हापासून आम्ही भांडतोय. नळावरून, वाळवणावरून, कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात गेली यावरून. त्या दिवशी दुपारी मात्र दोघी माझ्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. ती मध्येच थांबली. म्हणाली, जबडा दुखतोय. मग म्हणाली, पाठीत कळ येतीय, रात्रीची वांग्याची भाजी बाधली. सोडा आणून दे. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचं पोलकं घामानं चिंब, आणि हवा गार होती. बायकांना छातीतच दुखतं असं नाही, हे मला ठाऊक होतं. माझी आई जबडा धरूनच गेली. सोडा दिला नाही. एका भाडेकरूची रिक्षा दारात होती, तिच्यात तिला ढकललं. ती रिक्षात बसूनही सांगत होती की मेथीवर ओलं फडकं टाकायला सांग.

कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला हा छोटा दवाखाना आहे. चार खाटा, एक डॉक्टरीणबाई, एक सिस्टर. डॉक्टरीणबाई लातूरकडच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या, पण हात स्थिर. त्यांनी जावेच्या छातीला वायरी चिकटवल्या, मशीनमधून कागदाची पट्टी काढली, उजेडात धरून पाहिली आणि परत पाहिली.

“काय हाय?” मी विचारलं.

“आजी, मला वाटतंय अॅटॅक आहे. पण एकाच भागात रेघ थोडीशी उचललीय. एखादा बारीक चौकोनभर. ती खरंच उचललीय का हे सरांनी बघायला पाहिजे.”

“आन् असला तर?”

“गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे फ्रीजमध्ये. लगेच द्यायचं. पण अॅटॅक नसताना दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.”

एरवी असा माणूस इथे ठेवतच नाहीत, सरळ पिंपरीला नेतात. पण नाशिक रस्ता जाम होता. कंटेनर आडवा झालेला. ॲम्ब्युलन्स चौकाच्या पलीकडे अडकली होती आणि सिस्टर तिला वाट काढून द्यायला धावत गेल्या होत्या. वरून रस्ता रुंद करणाऱ्यांनी जेसीबीनं केबल तोडली होती. सगळ्या पट्ट्यातले फोन एकाच लांबच्या टॉवरला लटकलेले, त्यात शिफ्ट सुटायची वेळ. बोलणं तुटक तुटक व्हायचं. फोटो पाठवायला गेलं की नुसतं चाक फिरत राहायचं आणि शेवटी ‘पाठवला नाही’ असं यायचं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा करून पाहिलं.

आणि इथे माझी नात कामाला आली.

माझी नात तळेगावला एका कंपनीत आहे. तिथे कॅमेरे गाडीच्या सुट्या भागांचे फोटो काढतात, दिवसभर, ढीगच्या ढीग. ते सगळे ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून फोटो हलके करावे लागतात. फोटोतलं काय ठेवायचं आणि काय टाकून द्यायचं, ते ती ठरवते. हे तिनं घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जाऊ म्हणाली होती, “म्हंजी केर काढायलाच कंप्युटर शिकलीस व्हय गं?” पोरगी हसून हसून लोळली. पण मला ते नीट समजून घ्यायचं होतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण जे समजत नाही ते विचारायला मला कधी कमीपणा वाटला नाही. मी म्हटलं, टाकून देतेस म्हणजे नक्की काय करतेस?

ती तेव्हा माझ्या शेजारी बसली होती आणि मी बाजरी मोजत होते. आमच्या घरात अजून जुनी मापं आहेत. पायली, शेर, मापटं, चिपटं. पायलीत चार शेर, शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी. ती म्हणाली, आज्जी, फोटोचे बारीक बारीक चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात काय काय आहे ते वेगळं काढायचं. आधी ठळक ठळक, म्हणजे इथे उजेड, तिथे अंधार. मग त्याहून बारीक, मग अगदी केसासारखं बारीक. आणि प्रत्येकाला एक माप लावायचं. मापानं मोजायचं आणि फक्त किती मापं झाली तेवढंच लिहून ठेवायचं. वरचं उरलेलं सोडून द्यायचं.

“अर्धं माप उरलं तर?” मी विचारलं.

“अर्ध्याहून कमी उरलं तर सोडायचं. जास्त उरलं तर पुरतं धरायचं.”

“आमचे व्यापारी असंच करायचे. फक्त धरताना आमच्या बाजूनं कधी धरलं नाही.”

मग मी शेरभर बाजरी ओतली आणि पायली पुढे केली. “हे पायलीनं मोज.”

“झीरो,” ती म्हणाली.

“आता चिपट्यानं मोज.”

ती उठून उभीच राहिली. “आज्जी! हेच! अगदी हेच! मोठं माप लावलं की बारीक सगळं झीरो होतं. झीरो लिहायला जागा लागत नाही, म्हणून फोटो हलका होतो!”

मलाही फार आनंद झाला. एवढी मोठी कंपनी, एवढे कॅमेरे, आणि आत बसलेलं काय, तर माप. त्यानंतर ती सुट्टीला आली की मी विचारायची, आज कशाला पायली लावलीस? ती सांगायची. माणसाच्या तोंडाच्या फोटोतलं बारीकसारीक गेलं तरी चालतं, डोळ्याला कळत नाही. पण लोखंडावरची तडे गेलेली रेघ केसाएवढी असते, तिथे पायली लावली तर तडाच नाहीसा. म्हणून ती तयार मापं घेत नाही, स्वतःची बसवते. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ आकडे. डावीकडे वरचा कोपरा ठळकाचा, उजवीकडे खालचा कोपरा केसासारख्या बारकाव्याचा. आकडा मोठा म्हणजे माप मोठं.

या दवाखान्यात नेट नेहमीच रडतं म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंच्या कंप्युटरवर तो फोटो हलका करायचा प्रोग्रॅम टाकून दिला होता. पण त्यात बसवलेली मापं साध्या फोटोंची होती. जखमेचा, पुरळाचा, असा फोटो पाठवायला ठीक. हृदयाच्या पट्टीला त्यांचा काही उपयोग नव्हता.

तर त्या दुपारी मी माझ्या बटणाच्या फोनवरून तिला लावला. लागला.

“छोटी आज्जीला? काय झालं? पट्टीचा फोटो? थांब, थांब. आधी रंग बंद कर. रंगाचं वजन कशाला वाहायचं? मापं बदलावी लागतील. मी मेसेज टाकते.”

मेसेज आला नाही. म्हणून ती आकडे सांगू लागली. डॉक्टरीणबाईंना जावेच्या हातात सुई घालायची होती. म्हणाल्या, “आजी, तुम्ही घालता का आकडे?” आकडे मला येतात. मी बसले खुर्चीत.

जाऊ मरायला टेकली होती आणि माझ्या अंगात वारं शिरलं होतं. हे चांगलं नाही म्हणा, पण होतं तसंच सांगते. मी आकडे दाबत होते, फोन खरखरत होता, पोरगी ओरडून सांगत होती, मी ओरडून परत म्हणत होते. आठ ओळी पुऱ्या केल्या. खाली वजन दिसतं, ते चांगलंच कमी दिसलं. फोटो भुर्रकन गेला. मी टाळी वाजवली.

आणि मग त्या फरश्या.

फोन परत लावला. चार वेळा कट झाला, मग लागला.

“फरश्या दिसतात म्हने डॉक्टरांना.”

“फरश्या? म्हणजे वरच्या कोपऱ्यातली मापं मोठी झालीत. पहिला आकडा काय घातलास?”

“साठ.”

“साठ म्हणजे?”

“साठ म्हंजी साठ. सहावर शून्य.”

“अगं आज्जी! सिक्स्टीन! सिक्स्टीन म्हटलं मी! दुसऱ्या ओळीत चाळीस घातलंस का? ते फोर्टीन होतं!”

चूक तिचीही नव्हती, माझीही नव्हती. ती इंग्रजी शाळेत शिकली, आकडे इंग्रजीतच सांगते. मी ते ऐकून मनात मराठी करते. आणि फोन नेमकं आकड्याचं शेपूट खात होता. सोळाचे साठ झाले, चौदाचे चाळीस, तेराचे तीस. जिथे चिपटं लावायचं तिथे मी बसून एकेक करून पायली लावली होती.

“मराठीत सांग,” मी ओरडले.

“मराठीत मला दहाच्या पुढे नाही येत!”

“कुठल्या शाळंत घातलं गं तुला!”

“आज्जी, नंतर! एकेक आकडा सांगते. एक, सहा. कळलं? एक, सहा.”

“एक, सहा. पुढं.”

खाटेवरून जाऊ म्हणाली, “दोघी मिळून पाढे म्हनताय व्हय? म्हना. मी हाय हितंच.” आवाज बारीक झाला होता. मला तो आवाज आवडला नाही. ती एवढ्या हळू कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

निम्म्या ओळी झाल्या आणि फोन कट झाला. परत लागलाच नाही. वरच्या ओळी नीट झाल्या होत्या, तेवढ्यावरच फोटो पाठवला.

डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला. “आता रेघ दिसतेय,” पिंपरीचे डॉक्टर म्हणाले, “पण मागचे चौकोनच नाहीत. बारीक जाळी असते ना कागदावर, ती सगळी पुसली गेलीय. रेघ किती उचललीय ते मी कशावरून मोजू?” डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, “सर, मला एक ते दीड चौकोन वाटतोय,” तर पलीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो’ आणि शांत.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची पट्टी हातात घेतली. गुलाबी जाळी, इतकी फिकट की मला चष्मा पुसून बघावी लागली. रंग काढल्यावर तिचं काय होणार? फिकट राखाडी. जवळजवळ काहीच नाही. आणि ती केसाएवढी बारीक. म्हणजे ती कुठल्या कोपऱ्यात मोजली जाणार? उजवीकडच्या खालच्या. तिथे आकडे कुठले होते? मघाचेच, मोठे. शेरभर बाजरी आणि पायलीचं माप.

“झीरो!” मी मोठ्यांदा म्हणाले.

“काय झालं?” डॉक्टरीणबाई दचकल्या.

“तुमची जाळी झीरोत गेली. खालची मापं बारीक करते.”

त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी खालच्या ओळीत गेले आणि सगळीकडे दहा दहा घालत सुटले. पोरीनं असं केलं नसतं, तिनं विचार करून एकेक बसवला असता. मला तेवढा वेळ नव्हता आणि तेवढी अक्कलही नव्हती. पडद्यावर चित्र बदललं. जाळी आली! धुक्यातनं यावी तशी एकेक रेघ वर आली. माझ्या तोंडून शिवीच निघाली.

पण खाली वजन भसकन वाढलं होतं. एवढं जाणार नव्हतं. आम्ही पाठवून पाहिलं, चाक फिरत राहिलं.

“मापं परत वाढवू?” मी विचारलं.

“नको, नको. थांबा आजी.” डॉक्टरीणबाई पडद्याकडे पाहत होत्या. “सगळी पट्टी कशाला पाठवायची? मला शंका त्या भागातल्या या तीन ठिकाणी आहे. तेवढंच कापून पाठवू.”

हे मला सुचलं नसतं. त्यांनी झरझर कापलं. मशीनचं नाव गेलं, तारीख गेली, कागदाची कड, टेबलाची सावली, माझा अंगठा, सगळं गेलं. उरला एक लहानसा तुकडा, त्यात तीन ठोके आणि लख्ख जाळी. वजन खाली आलं. त्यांनी बटण दाबलं.

फोटो किती गेला ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या सरकत्या पट्टीकडे आम्ही दोघी पाहत उभ्या होतो. ती थोडी सरकायची आणि थांबायची. मी तिला बैलाला हाकतात तसं हाकत होते. “चल, चल गं, चल माझी बाय.” डॉक्टरीणबाई माझं मनगट धरून होत्या, त्यांची नखं रुतलेली मला नंतर दिसली.

“कुनाला बोलती ती?” जावेनं डोळे न उघडता विचारलं.

“तुझ्या फोटोला,” मी म्हणाले.

“माझा फोटो? डोक्यावर पदर हाय का?”

गेला. फोटो गेला. आणि फोन वाजायला लागला तेवढा वेळ मला फार लांब वाटला.

“दिसलं!” पलीकडून आवाज आला, आणि या वेळी तो माणूस ओरडला तरी मला राग आला नाही. “स्पष्ट दिसतंय. दीड-दोन चौकोन. आहे, अॅटॅकच आहे. इंजेक्शन द्या. लगेच द्या. बीपी बघत राहा.”

डॉक्टरीणबाई फ्रीजकडे धावल्या. मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. जावेचा हात हातात घेतला नाही, आमच्यात तसली रीत नाही. तिच्या पायावर पांघरूण ओढलं. इंजेक्शन हळूहळू गेलं. डॉक्टरीणबाई घड्याळ आणि मशीन यांच्याकडे आळीपाळीनं पाहत होत्या. मी जावेच्या तोंडाकडे. आधी काहीच झालं नाही. मग मशीनवर ठोके एकदम वेडेवाकडे नाचले, डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, “घाबरू नका, गुठळी सुटताना होतं असं.” आणि मग ते परत ओळीत आले.

“आक्का,” जाऊ म्हणाली.

“काय?”

“जबड्यातनं गेलं की गं.”

“काय गेलं?”

“दुखनं. दुसरं काय जायाचंय माझ्या जबड्यातनं?”

डॉक्टरीणबाई खाली स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. मीही हसले. मी तर उड्या मारायच्या बाकी होते. गुडघे दुखत नसते तर मारल्याही असत्या. बाहेर हॉर्न वाजला. सिस्टर पुढे पळत, मागे ॲम्ब्युलन्स. जावेला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती मला म्हणाली, मेथीवर फडकं टाकलंस का ते सांगितलंच नाहीस.

पुढचं पिंपरीला झालं. रक्ताच्या नळीतून तार घालून उरलेलं साफ केलं, चार दिवस ठेवून घेतलं.

नातीचा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला, आठ ओळींचा, नीटनेटका. संध्याकाळी ती स्वतः आली. दवाखान्यात जाऊन तिनं मी घातलेले आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“आज्जी, हे काय केलंस? आडवं-उभं बघायचं ना. जाळी आडवी आणि उभी असते, तिरपी नसते. तिरप्याला बारीक माप लावायची काही गरज नव्हती. निम्मं वजन उगाच वाहिलंस.”

“मग तू सांगायचंस.”

“फोन कट झाला होता!”

“म्हणून तर वाहिलं.”

मग तिनं मला बसवून आडवं कुठे आणि उभं कुठे ते दाखवलं. वरच्या ओळीत एक, डाव्या रांगेत दुसरं, मधलं सगळं तिरप्याचं. तिथे खुशाल पायली लाव म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून पट्टीसाठी वेगळी मापं बसवली. मी आकडा सांगायचा, तिनं तो घालून पाहायचा, जाळी टिकते का, वजन किती. मध्येच मी मुद्दाम मोठं माप सांगायची आणि जाळी गडप झाली की आम्ही दोघी ओरडायचो. डॉक्टरीणबाई पेशंट सोडून बघायला आल्या. तिरपं टाकल्यावर अख्खी पट्टी तेवढ्याच वजनात बसली, कापायची गरजच राहिली नाही. पोरगी जाताना म्हणाली, आता मराठी आकडे शिकव. एकोणतीसपर्यंत आली आणि एकोणतीस म्हणजे एकतीस असं धरून बसली. एक कमी, एक कमी, असं मी तिला सारखं सांगत होते.

जाऊ घरी आली तेव्हा ओट्यावर बसून तिनं सगळ्या आळीला सांगितलं की माझा फोटो पिंपरीला गेला होता आणि आक्काला तो चारदा काढावा लागला, कारण आक्काला साठ आणि सोळा कळत नाही. मी मधे पडले नाही. ती जगली होती.